बारावीच्या केमिस्ट्रीसाठी शिकवणी: माणूस पारखायचा कसा?

गोदाकाठ
मंडळी, मुलगी बारावी सायन्सला आहे. स्टेट बोर्ड, नाशिक. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बोर्डासोबत सीईटी (पीसीएम गट) द्यायची आहे. फिजिक्स आणि मॅथ्स ठीक चालले आहेत, केमिस्ट्री अडते. समोर तीन पर्याय: ऐंशी मुलांची बॅच, घरी येऊन शिकवणारे सर, किंवा ऑनलाइन. आठवड्याला किती तास लागतील, डेमो लेक्चरला काय बघायचं, फी कशी ठरवायची? जाणकारांनी नेमकं सांगावं. "आवडीने अभ्यास केला की जमतं" छापाचे सल्ले घरात मुबलक आहेत.

थेंबे_थेंबे
सर शोधण्याआधी अडतं कुठे ते शोधा. केमिस्ट्री हा एका नावाखाली दडलेला तीन विषयांचा संसार आहे. फिजिकलमध्ये गणित, ऑरगॅनिकमध्ये तर्क आणि इनऑरगॅनिकमध्ये पाठांतर व थोडं कारण. तिन्ही सारखंच चांगलं शिकवणारा माणूस क्वचित मिळतो, म्हणून कुठल्या भागासाठी माणूस हवा ते आधी ठरवायचं.

एका संध्याकाळी चाळीस मिनिटं लावून, पुस्तक बंद ठेवून हे सहा प्रश्न सोडवून घ्या:

१) २५० मिली ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड करायला स्फटिक किती ग्रॅम? उत्तर ३.१५. २.२५ आलं तर स्फटिकातले पाण्याचे दोन रेणू विसरली, म्हणजे १२६ ऐवजी ९० धरले.
२) डॅनियल सेलमध्ये झिंक आयन ०.१ मोलर, कॉपर आयन ०.०१ मोलर. व्होल्टेज? उत्तर १.०७. १.१३ आलं तर भागाकार उलटा मांडला.
३) फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया ९९.९ टक्के पूर्ण व्हायला साधारण किती अर्धायुकाल? दहा.
४) २-ब्रोमोब्युटेनवर पाण्यातलं पोटॅश आणि अल्कोहोलमधलं पोटॅश: दोन्हींचे मुख्य पदार्थ. पहिल्यात ब्युटेन-२-ऑल, दुसऱ्यात ब्युट-२-ईन.
५) ॲसिटाल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइड: आल्डॉल कोणाचं, कॅनिझारो कोणाची, आणि का?
६) कोबाल्टभोवती पाच अमोनिया आणि एक क्लोरीन, कंसाबाहेर दोन क्लोरीन. भरपूर सिल्व्हर नायट्रेट घातलं तर एका मोलमागे सिल्व्हर क्लोराइड किती मोल? दोन.

पहिले तीन चुकले तर हवा तो फिजिकलचा आणि मोल संकल्पनेचा माणूस. चार-पाच चुकले तर ऑरगॅनिकचा. फक्त सहावा चुकला तर शिकवणी लावूच नका, पुस्तकातला धडा दोनदा वाचून काम होतं.

शेवटचा_बाक
वाखू (वाचनखूण) साठवली. पहिला प्रश्न घरातल्या इंजिनियरला घातला. २.२५.

संहत
डेमो लेक्चरबद्दल. डेमोत सगळेच छान शिकवतात, कारण तो तास पाठ असतो. मुलीने एक चूक मुद्दाम करावी आणि सर त्या चुकीचं काय करतात ते बघावं.

सोपी चूक सांगतो. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन. १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडला १० मिली परमँगनेट लागलं. मुलीने सरळ एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू लावून ०.०५ लिहावं. खरं उत्तर ०.०२, कारण २ मोल परमँगनेटला ५ मोल ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. कच्चे सर म्हणतील, "अगं, इथे दोन-पाच घ्यायचे असतात," आणि सूत्र खोडून नवं लिहून देतील. बरे सर विचारतील, "मँगॅनीज किती इलेक्ट्रॉन घेतो? ऑक्झॅलेट किती देतं?" पाच आणि दोन एकदा तिच्याच तोंडून आले की ते सूत्र पुन्हा विसरलं जात नाही.

दुसरा प्रश्न: १० चा उणे ८वा घात मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच किती? घाईत ८ येतं, आणि ॲसिड अल्कली होऊन बसतं. इतक्या पातळ द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयनही मोजावे लागतात. २५ अंशाला उत्तर ६.९८.

तिसरा ऑरगॅनिकमधला: अनिलीनमधला अमिनो गट ऑर्थो-पॅरा दिशा देणारा. मग थेट नायट्रेशन केल्यावर ४७ टक्के मेटा का मिळतं? (पॅरा ५१, ऑर्थो २.) तीव्र ॲसिडमध्ये अनिलीनचा अनिलिनियम आयन होतो आणि तो मेटाकडे ढकलतो. इथवर सांगितलं तर चांगलं. आधी ॲसिटिलेशन करून गट झाकला की मुख्यतः पॅरा मिळतं, हे न विचारता जोडलं तर माणूस हातचा सोडू नका.

वर्‍हाडी_आयन
संहत, थोडा आक्षेप. अचानक विचारलं तर चांगले शिक्षकही अडखळतात. पीएचच्या प्रश्नावर "थांबा, बघून सांगतो" म्हणणाऱ्याला मी नापास करणार नाही. आठ सांगून वर ठासून बोलणारा मात्र बाद. बाकी सहमत.

संहत
मान्य. "उद्या सांगतो" म्हणून खरोखर उद्या सांगणारा माणूस तर दुर्मीळच.

अँटीलॉग
वर कुणी न काढलेला मुद्दा. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. आता बरेच शिकवणारे, विशेषतः ऑनलाइन, स्क्रीनवर कॅल्क्युलेटर उघडून उत्तर काढतात. मुलांना पद्धत येते, उत्तर येत नाही.

हमखास चूक अशी. लॉग आला उणे ४.७४. मूल टेबलात .७४ चा अँटीलॉग बघतं, ५.४९५, आणि पुढे १० चा उणे ४था घात लावतं. टेबलात उणा दशांश भाग नसतोच. उणे ४.७४ ला आधी उणे ५ अधिक ०.२६ करायचं, म्हणजे बार ५ पॉइंट २६. .२६ चा अँटीलॉग १.८२०. उत्तर १.८२ गुणिले १० चा उणे ५वा घात. चुकीचं उत्तर खऱ्याच्या तीसपट निघतं. आयोनिक इक्विलिब्रिया, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स, तिन्ही धड्यांत हीच ठेच. डेमोला लॉग टेबल घेऊनच बसा. सरांनी स्वतः उघडलं तर बोर्डाची सवय आहे असं समजा.

सीईटीत उलट, तिथे टेबल नाही. लॉग २ म्हणजे ०.३०, लॉग ३ म्हणजे ०.४८, लॉग ५ म्हणजे ०.७० एवढं डोक्यात हवं. पर्यायांतले आकडे एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब असतात, अंदाज पुरतो.

कृष्णाकाठची
सरांना पहिला प्रश्न हा विचारा: "तुम्ही बालभारतीचं पुस्तक शिकवता की एनसीईआरटी?" बरेच जण नीट-जेईईच्या बॅचा घेतात आणि त्याच वहीवरून बोर्डाच्या मुलांना शिकवतात. धड्यांची मांडणीच वेगळी आहे.

थर्मोडायनॅमिक्स आणि आयोनिक इक्विलिब्रियम एनसीईआरटीत अकरावीला, आपल्याकडे बारावीला. एनसीईआरटीवाले सर "हे झालंय ना?" म्हणून पुढे जातात, आणि मुलीने ते पाहिलेलंच नसतं. एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक काटछाटीनंतर १० धड्यांचं उरलं, बालभारतीचं १६ धड्यांचं. सॉलिड स्टेट २०२४ पासून नीट आणि जेईई मेनच्या अभ्यासक्रमात नाही, पण बोर्डाला आहे आणि सीईटीलाही. पॉलिमरचंही तसंच. त्यामुळे "सॉलिड स्टेट सोडून द्या, येत नाही" असं कुणी म्हणालं तर ते दुसऱ्या परीक्षेबद्दल बोलत आहेत.

सीईटी (पीसीएम): केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, चुकीला वजाबाकी नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, पण अकरावीचे सगळे धडे नाहीत. यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते, ती छापून सरांसमोर ठेवा.

गोदाकाठ
धन्यवाद. सहा प्रश्न घेतले. पहिला, दुसरा आणि पाचवा चुकले. तासांचा हिशोब कुणी मांडेल का? एक सर म्हणतात आठवड्याला दोन दिवस दीड-दीड तास, सगळा सिलॅबस होईल.

थेंबे_थेंबे
होणार नाही. हिशोब करू.

सोल्युशन्स, आयोनिक इक्विलिब्रिया, थर्मो, इलेक्ट्रो, कायनेटिक्स: नीट उदाहरणं सोडवत प्रत्येकी ८ तास, एकूण ४०. ऑरगॅनिकचे चार (हॅलोजन, अल्कोहोल-फिनॉल-ईथर, आल्डिहाइड-कीटोन-ॲसिड, अमाइन) प्रत्येकी ७, एकूण २८. कोऑर्डिनेशन, ट्रान्झिशन आणि १६-१७-१८ गट प्रत्येकी ५, एकूण १५. सॉलिड स्टेट ५. बायोमॉलिक्यूल्स, पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री प्रत्येकी २, एकूण ६. बेरीज ९४. वर उजळणी आणि पेपर २०. म्हणजे ११४.

आता हातात किती? जूनचा मध्य ते जानेवारीचा मध्य, ३० आठवडे. गणपती, कॉलेजच्या परीक्षा, दिवाळी, सरांच्या घरचं लग्न असे ५ वजा. २५ गुणिले ३ म्हणजे ७५ तास. ३९ तासांची तूट. ती भरायला सर शेवटच्या दोन महिन्यांत "नोट्स देतो, वाचून घे" सुरू करतात, आणि नेमके त्यातच ऑरगॅनिकचे धडे सापडतात.

म्हणून सुरुवातीलाच वाटणी करा. सॉलिड स्टेट, ट्रान्झिशन, १६-१७-१८ गट आणि शेवटचे तीन धडे तिने स्वतः वाचायचे, सरांना फक्त शंका विचारायच्या. २१ तास वाचले, उरले ७३. ते ७५ मध्ये बसतात. पेपर घरी घड्याळ लावून सोडवायचे, तपासायला सरांकडे द्यायचे.

शेवटचा_बाक
बोर्डाच्या पेपरात पर्याय भरपूर असतात म्हणे. मग धडे वगळले तर?

कृष्णाकाठची
लेखी ७० गुणांचं, पर्याय धरून छापलेले ९८. १० बहुपर्यायी आणि ८ एका वाक्याचे, यात पर्याय नाही. मग दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८, चार गुणांचे ५ पैकी ३. पहिले १८ गुण सगळ्या पुस्तकावर पसरलेले, म्हणून धडा पूर्ण वगळला की तिथे मार बसतो. लांबची उत्तरं सोडून द्यायची तर द्या, पण प्रत्येक धड्यातल्या व्याख्या, एकके, नावं वाचलेलीच हवीत.

वर्‍हाडी_आयन
ऐंशीच्या बॅचला इथे सगळेच नाकं मुरडतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो. बॅचमध्ये दर आठवड्याला टेस्ट होते, गती ठरलेली असते, सर आजारी पडले तर दुसरे येतात. घरी येणाऱ्या एकट्या माणसावर वर्ष टांगलेलं असतं. फक्त फिजिकल अडत असेल तर बॅच लावा आणि आठवड्याला एक तास शंकांसाठी वेगळा माणूस ठेवा.

संहत
हे त्या मुलीला लागू नाही. तिचा मोल संकल्पनेतला पाया हलतो आहे. बॅचमध्ये पहिला तास थेट सोल्युशन्सवर सुरू होईल आणि मोलॅलिटी-मोलॅरिटीच्या घोळातच ती मागे पडेल. ऐंशी मुलांत कुणी हात वर करून "सर, मोल म्हणजे काय?" विचारत नाही. तिला चार-पाच मुलांचा गट सगळ्यात चांगला. दुसऱ्याची चूक बघूनही शिकायला होतं, फी वाटली जाते, आणि एक मूल आलं नाही म्हणून तास बुडत नाही. गटातली सगळी मुलं एकाच बोर्डाची आणि एकाच परीक्षेची मात्र हवीत.

थेंबे_थेंबे
संहतशी सहमत. पहिले सहा तास अकरावीतलं मोल, रेडॉक्स आणि बाँडिंग करून घ्या. त्यासाठी वरच्या ७३ मधून कायनेटिक्सचे दोन आणि प्रत्येक ऑरगॅनिक धड्याचा एक तास कापा. तोटा होत नाही, उलट पुढचे धडे पळतात.

मराठी_माध्यम
भाषेकडे दुर्लक्ष नको. मुलीला संकल्पना माहीत असते, शब्द अनोळखी असतो. क्षपण म्हणजे रिडक्शन, अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट, संहत म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड (धाग्यावरचे संहत रागावू नयेत), विरल म्हणजे डायल्यूट, क्रियात्मक गट म्हणजे फंक्शनल ग्रुप, समजातीय श्रेणी म्हणजे होमोलॉगस सीरीज. वहीत तीन रकाने करा: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, आणि तो वापरलेलं एक समीकरण. तिसऱ्या रकान्याशिवाय ही यादी नुसती पाठांतराची होते.

सर मराठीतून समजावणारे असले तर उत्तमच, पण उत्तर इंग्रजीतून लिहून घेणारे हवेत. "कारणे द्या" या दोन गुणांच्या प्रश्नाला दोन मुद्दे लागतात. मराठीतून कळलेलं कारण इंग्रजीत एका वाक्यात उरकलं की एक गुण जातो. आठवड्याला अशी पाच उत्तरं लिहून लाल शाईने तपासून मिळतील का, हे आधीच विचारा.

ब्युरेट
प्रॅक्टिकलचे ३० गुण कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठरतात, शिकवणीत नाही, असं म्हणून लोक ते सोडून देतात. घरात ब्युरेट नसलं तरी सर तोंडी तयारी करून घेऊ शकतात.

परमँगनेट गडद असतं, तळाची वक्र कड दिसत नाही, म्हणून वरच्या कडेचं वाचन घ्यायचं. ऑक्झॅलिक ॲसिड ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं, कारण थंडीत अभिक्रिया रेंगाळते. फार तापवलं तर ऑक्झॅलिक ॲसिडच फुटतं. पहिला थेंब पडल्यावर रंग जायला वेळ लागतो, नंतर पटापट जातो, कारण तयार झालेला मँगॅनीज आयनच उत्प्रेरक असतो. ॲसिड सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्याचाच क्लोरीन करतं, नायट्रिक घेतलं तर ते स्वतःच ऑक्सिडीकरण करतं. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर ॲसिड कमी पडलं, मँगॅनीज डायऑक्साइड बसतो आहे. ते वाचन फेकून द्यायचं. आणि मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) असेल तर तापवायचंच नाही, फेरस आयन हवेनेच फेरिक होतो. व्हायवात हेच विचारतात, आणि दोन टायट्रेशन्सची सरमिसळ सगळ्यात जास्त होते.

सॉल्ट ॲनालिसिसमध्ये तिसऱ्या गटाला अमोनियम क्लोराइड आधी आणि अमोनियम हायड्रॉक्साइड नंतर का? कॉमन आयन इफेक्टने हायड्रॉक्साइड आयन दबतात, म्हणून लोह आणि ॲल्युमिनियम बसतात, पुढच्या गटातले झिंक, मँगॅनीज आणि मॅग्नेशियम बसत नाहीत. हा आयोनिक इक्विलिब्रियाचाच धडा आहे. जे सर तो तिथेच जोडून दाखवतात त्यांच्याकडे प्रॅक्टिकलसाठी वेगळा तास लागत नाही.

फीवाले_काका
पैशाचं. महिन्याचे ठरवू नका, तासाचे ठरवा. "महिना अमुक" म्हटलं की ऑक्टोबरात चार तास होतात आणि पैसे पूर्ण जातात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालेल्या तासाची तारीख आणि धडा लिहायचा, महिनाअखेर बेरीज. वर्षाचे आगाऊ तर मुळीच देऊ नका, धडा संपला की हिशोब.

क्लास लावणार असाल तर: केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, आणि मार्कांची किंवा रँकची हमी देऊ नये, असं आहे. त्या ५० पेक्षा जास्त मुलांच्या क्लासेससाठी आहेत. सूचना आहेत, कायदा नव्हे, म्हणून परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या. फीवर १८ टक्के जीएसटी लावला तर पावतीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या एकट्या शिक्षकाला नोंदणी बंधनकारक नसते, त्यामुळे घरी येणाऱ्या सरांनी जीएसटी सांगितला तर क्रमांक विचारा.

"पेपरला हेच येणार" अशी आयएमपी यादी विकणाऱ्यांना दारातूनच नमस्कार.

एडिसनकर
अवांतर, पण इथल्या मराठी घरांत हाच प्रश्न आहे. न्यू जर्सीतल्या मुलांना एपी केमिस्ट्रीसाठी (अमेरिकेत शाळेतच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) पुण्या-मुंबईचे शिक्षक ऑनलाइन लावतात. गणित पक्कं करून देतात, पण एपीच्या लेखी भागात सात प्रश्न (तीन १० गुणांचे, चार ४ गुणांचे) असतात आणि "जस्टिफाय" म्हटल्यावर कणांच्या पातळीवरचं कारण शब्दांत लिहावं लागतं. "ले शातेलिएच्या तत्त्वानुसार" एवढ्यावर गुण मिळत नाहीत. शिक्षकाने जुन्या प्रश्नांच्या गुणदान सूचना वाचल्या आहेत का ते विचारा. वेळ: तुमचे सकाळचे सात म्हणजे इथे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ.

अँटीलॉग
ऑनलाइनचाच मुद्दा. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून कॅमेरा वहीवर रोखा. चेहरा दिसून काही उपयोग नाही. पेन चालताना दिसलं तर सरांना तिसऱ्या ओळीतली चिन्हाची चूक तिथल्या तिथे पकडता येते. "उत्तर किती आलं?" एवढंच विचारून पुढे जाणारा ऑनलाइन तास यूट्यूबवर फुकट मिळतो.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. चार मुलींचा गट जमतो आहे, सगळ्या स्टेट बोर्डाच्या. दोन सर आहेत. एकाचा अनुभव वीस वर्षांचा पण पद्धत नोट्स सांगून लिहून घेण्याची, दुसरे तरुण आहेत, एमएस्सी झालेले, बोर्डाचे पेपर कधी तपासलेले नाहीत. कसं ठरवू?

थेंबे_थेंबे
चार आठवड्यांचा करार करा, १२ तास. पहिले सहा तास मोल आणि रेडॉक्स, पुढचे सहा इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा निम्मा धडा, नर्न्स्टच्या समीकरणापर्यंत. शेवटी २५ गुणांचा पेपर, पण तो सरांनी काढलेला नको. बोर्डाच्या जुन्या पेपरांतून तुम्हीच प्रश्न उचला. निकालात गुणांपेक्षा चुकांचा प्रकार बघा. आकडेमोडीच्या चुका उरल्या तर चालेल, त्या सरावाने जातात. समीकरणच मांडता आलं नाही तर सर बदला.

सुरुवात तरुण सरांपासून करा. बोर्डाची उत्तरपत्रिका कशी तपासतात ते त्यांना महिन्याभरात कळेल. वीस वर्षं नोट्स सांगणाऱ्याची सवय चार आठवड्यांत सुटणार नाही.

संहत
आणि नोट्सवाल्या सरांच्या नोट्स कुणाकडून तरी मिळतीलच.

गोदाकाठ
ठरलं. शनिवारी तरुण सरांचा डेमो. लॉग टेबल आणलं आहे. पहिला प्रश्न १० चा उणे ८ वाला.

वर्‍हाडी_आयन
उत्तर आठ आलं तर धागा वर काढा.